तीन नंबरच्या खोलीतली हवा

शांत खोली बनवणं हे मोजमापाचं काम आहे, हे लोकांना पटत नाही. स्पा काढायचा म्हटला की मालक आधी बुद्धाची मूर्ती घेऊन येतात. मग बांबूची कुंडी आणि मग पाण्याचं कारंजं. खारघरच्या एका मालकाने माझं न ऐकता रिसेप्शनच्या भिंतीवरून पाणी सोडलं होतं. पंधरा दिवसांनी फोन आला, "साहेब, कस्टमर मसाज अर्धा टाकून बाथरूमला पळतायत." मी म्हटलं, दिवसभर पाणी पडल्याचा आवाज कानावर आला की दुसरं काय होणार? त्याने पाणी बंद केलं. आता त्या भिंतीवर टीव्ही आहे.

मी सत्तावीस वर्षं पनवेल आणि आसपास इंटिरियरची कामं करतोय. त्यातली गेली नऊ वर्षं बहुतेक स्पा, पार्लर आणि दातांचे दवाखाने. या कामाचा साधा हिशेब असा की बाकी सगळीकडे माणूस उभा किंवा बसलेला असतो, स्पामध्ये तो आडवा असतो. उताणा झोपला की छत हीच त्याची समोरची भिंत. म्हणून छतात दिवा लावायचा नाही, तो भिंतीला, पायाच्या बाजूला, जमिनीपासून नऊ इंचांवर लावायचा. एसीची हवा तेल लावलेल्या अंगावर पडता कामा नये. दाराची बिजागरी वाजता कामा नये. शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून भिंत दुहेरी करून मधे रॉकवूल भरायचं. आणि माणूस पालथा झोपतो तेव्हा खाटेला तोंडासाठी एक भोक असतं. त्यातून तासभर त्याला फक्त दीड फूट जमीन दिसते. त्या दीड फुटाचाही विचार करावा लागतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी प्रत्येक काम संपल्यावर प्रत्येक खाटेवर दहा-दहा मिनिटं झोपून बघतो. बायको म्हणते, झोपायचे पैसे घेणारा माणूस मी तुमच्या रूपाने पाहिला.

वनिता घरतचं काम मी दोन वर्षांपूर्वी केलं. रोडपालीच्या बाजूला सहा मजली बिल्डिंगच्या तळमजल्यावर तिचा गाळा. मुळात ही जमीन तिच्या सासरच्यांची, बिल्डिंग झाली तेव्हा हा गाळा त्यांच्या वाट्याला आला. वनिताने बारा वर्षं दुसऱ्यांच्या पार्लरमध्ये उभं राहून काम केलेलं होतं. तिने मूर्ती आणली नाही की कारंजं मागितलं नाही. म्हणाली, "दादा, मला फक्त एवढं द्या की बाई आत आली की तिला घर आठवता कामा नये."

स्पाचा सगळा भार दोन मुलींवर होता. रुआती आणि तिची मावसबहीण, दोघी मिझोरामच्या. आधीच्या पार्लरमध्ये वनिताच्याच हाताखाली तयार झालेल्या. गिऱ्हाईक त्यांच्या हातावर येत होतं, त्या जिथे जातील तिथे जाणारं. वनिता उघडच म्हणायची, "माझा स्पा म्हणजे या पोरींचे चार हात. बाकी तुमचं प्लायवूड."

तीन खोल्या काढल्या. एक आणि दोन सरळ होत्या. तीन नंबरची खोली म्हणजे, त्या गाळ्यात आधी जो दवाखाना होता त्याचं स्वच्छतागृह. भांडी काढली, पाइप बंद केले, फरशी बदलली. जमिनीतला नहाणीचा ट्रॅप मात्र मी ठेवला, पुढे कधी शॉवर लावायचा झाला तर असावा म्हणून. ट्रॅप म्हणजे मोरीच्या जाळीखालचा वाकडा भाग. त्यात थोडं पाणी साठून राहतं आणि त्या पाण्यामुळे गटाराची हवा वर येत नाही. पाणी ओतणारं कोणी नसेल तर ते आटतं आणि मग ट्रॅप हे नुसतं भोक उरतं. हे मला माहीत होतं. तरी मी त्यावर कमळाच्या नक्षीची पितळी जाळी बसवली आणि ती बरोबर खाटेच्या भोकाखाली आणली. पालथ्या माणसाला बघायला काहीतरी सुंदर असावं, हा विचार. या कामातली माझी चूक ती, आणि ती मी आधीच सांगून टाकतो.

उद्घाटनानंतर बारा दिवसांनी, एका सोमवारी सकाळी, वनिताचा फोन आला.

"दादा, पोरी तीन नंबरमध्ये जात नाहीत. म्हणतात, खाली कोणीतरी श्वास घेतं."

"एसीचा आवाज असेल."

"एसी बंद करून बघितला. त्यांनी शनिवारचं गाडीचं तिकीट काढलंय. तुम्ही या."

मी साडेबाराला पोचलो. रुआती दारातच उभी होती, आत आली नाही. पंचविशीची, ठेंगणी, बोलायला कमी. मी विचारलं, "क्या होता है?"

"नीचे कोई है, सर. सांस लेता है."

आमच्या धंद्यात हवा कुठून येते हे बघायची सोपी रीत म्हणजे उदबत्ती. मी ती पेटवली, एसी बंद केला, दार लावलं आणि जाळीजवळ धरली. धूर जाळीपासून लांब फेकला गेला. हवा खालून वर येत होती, थंड, खाडीच्या चिखलाचा वास असलेली. ट्रॅप कोरडा पडलाय हे लगेच कळलं. मी दोन तांबे पाणी ओतलं आणि बाहेर येऊन वनिताला म्हणालो, झालं काम.

बाकीच्या खोल्यांतली बारीकसारीक कामं आटोपून साडेतीनला निघण्यापूर्वी सवयीप्रमाणे पुन्हा उदबत्ती धरली. आता धूर जाळीत जात होता. थोडाथोडका नाही, दोरा ओढावा तसा सगळा धूर वाकून कमळाच्या पाकळ्यांमधून खाली उतरत होता. ट्रॅपमध्ये बॅटरी मारली. ओतलेलं पाणी नव्हतं.

गटाराची हवा वर येते. ती आत ओढली जाते असं मी सत्तावीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं. रुआती दारातून माझ्याकडे बघत होती. मी तिला काही विचारलं नाही.

भोक सिमेंटने बुजवणं हे अर्ध्या तासाचं काम होतं. पण कोंडलेली हवा दुसरीकडून निघते. ती कुठून येते हे कळल्याशिवाय बुजवणं म्हणजे तक्रार एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलणं. म्हणून मी वहीत तक्ता आखला. वार, वेळ, धूर वर की खाली. सोमवारच्या दोन नोंदी झाल्याच होत्या. मंगळवारी चार घेतल्या, बुधवारी चार. खोली बंद, मी एकटा, हातात उदबत्ती. पंधरा मिनिटं बसलं की त्या खोलीत कान स्वतःच्याच गळ्यातला आवाज ऐकायला लागतात. इतकी शांतता मीच तिथे भरली होती. आणि समोर धूर काही तास वर, काही तास खाली. सोमवारी तो साडेबारा आणि साडेतीनच्या मधे, म्हणजे दोनच्या सुमारास फिरला असणार. मंगळवारी पावणेतीनला. बुधवारी साडेतीनला. रोज पाऊण तास पुढे. मशीन असं वागत नाही, मशीन रोज त्याच वेळेला चालू होतं. मला त्या खोलीत पाठ भिंतीला टेकवून बसावंसं वाटायला लागलं, आणि मी तसाच बसत होतो.

बुधवारी संध्याकाळी वनिताचे सासरे सुनेला सुकट द्यायला आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. ऐंशीच्या घरातले, तरुणपणी याच भागातल्या मिठागरात राबलेले. मी रिसेप्शनवर वही घेऊन बसलो होतो. ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

"काय लिवताय?"

मी तक्ता दाखवला. त्यांनी डोळ्यांजवळ धरून बघितला आणि तोंडाला पदर लावावा तसा गमछा लावून हसायला लागले.

"अवो, ही तर भरती-ओहोटी हाय."

"इथे? बिल्डिंगमध्ये?"

"बिल्डिंग आत्ता आली. पानी आदीपासून हाय. आज तिथी काय?"

वनिताने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. वद्य चतुर्थी.

"चतुर्थी म्हंजे चार. चाराची पाऊणपट किती? तीन. तीनला भरती पुरी. खाडी आत हाय म्हून वर अर्धा तास धरा. साडेतीन. तुमचा धूर साडेतीनला फिरला ना? मंग झालं तर. आमाला घड्याळ नव्हतं, आमी तिथीवर मिठागरात पानी घ्यायचो."

मी तिथेच तपासलं. सोमवारी द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड, अधिक अर्धा तास, दोन वाजता. मंगळवारी तृतीया, सव्वादोन अधिक अर्धा, पावणेतीन. मला आयुष्यात इतक्या पटकन कुठलं उत्तर जुळलेलं आठवत नाही. अंगावरचं ओझं उतरलं.

आबांनी बाकीचंही सांगितलं. मिठागराच्या बांधाला झडपेचं दार असायचं, खाडीचं पाणी आत घ्यायला आणि अडवायला. त्याला उघाडी म्हणतात. "तुमच्या त्या खोलीच्या जागी आमची उघाडी व्हती. बिल्डरने वर भराव टाकला, खालचा दगडी नाला कुनी काढला नाय. भरती चढली की पानी नाल्यात शिरतं आनी हवा भाईर ढकलतं. ओहोटीला वडून घेतं." दवाखान्याची जुनी मोरी कुठेतरी फुटून त्या नाल्याशी जोडली गेली असणार. म्हणजे सहा तास उच्छ्वास आणि सहा तास श्वास.

"बुजवू ना?" मी विचारलं.

"बुजवा की. खाडीला काय, दुसरी वाट गावंल."

नियम हातात आला की तो उलटाही तपासावा, ही माझी सवय. गुरुवारी पंचमी. भरती सव्वाचारला पुरी, म्हणजे ओहोटी दहाच्या सुमारास संपते आणि त्या वेळी काही मिनिटं पाणी कुठेच सरकत नाही. तेव्हा धूर सरळ वर गेला पाहिजे. दहा वाजून पाच मिनिटांनी मी उदबत्ती जाळीशेजारी जमिनीवर उभी केली. धूर सरळ, फूटपट्टीने आखल्यासारखा. वहीत लिहिलं, 'स्थिर'.

मग आठवलं की गिऱ्हाईक जिथे असतं तिथून मी एकदाही बघितलेलं नाही. खाटेवर पालथा झोपलो. भोकात तोंड घातलं. खाली कमळाची जाळी, शेजारी उदबत्ती, धूर सरळ वर येऊन माझ्या कानाशेजारून जात होता.

आणि माझ्या तोंडावर हवा लागली. उबदार. लागली, थांबली, पुन्हा लागली.

पहिला विचार हाच की आपलाच श्वास जमिनीवर आपटून परत येतोय. तो विचार बरोबर असेल तर तपासणं सोपं होतं. मी श्वास रोखला आणि मोजायला लागलो. चाळीसपर्यंत मोजलं. तेवढ्यात ती हवा माझ्या चेहऱ्यावर आठ वेळा आली. तिला चिखलाचा वास नव्हता. कसलाच वास नव्हता. उदबत्तीचा धूर त्या आठही वेळा जागचा हलला नाही.

मी उठलो. जाळीवर हात धरला, हाताला काही लागलं नाही. त्या नोंदीसमोर 'स्थिर' लिहिलेलं होतं, ते मी खोडलं नाही. खाली जे झालं ते लिहिलं आणि वेळ टाकली. त्या दिवशी बारा, दोन आणि सव्वाचारच्या आणखी तीन नोंदी घेतल्या. तिन्ही आबांच्या हिशेबात चोख बसल्या. संध्याकाळी घरी चहा घेताना बायको म्हणाली, "अहो, श्वास का धरून ठेवताय?" मला कळलंही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी जाळी काढली, ट्रॅप फोडून त्यात वाळू-सिमेंट भरलं, वर फरशीचा तुकडा बसवला. दुपारी चार वाजता, षष्ठीची भरती चढत असताना, धूर सरळ होता. ओहोटी लागल्यावरही सरळ. एक आणि दोन नंबरमध्येही बघितलं, तिथे हवा निघाली नव्हती. कामाच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

मी वनितासमोर वही ठेवली. चौदा नोंदी. तेरा जुळतात, एक नाही. तिने ती एक दोनदा वाचली.

"शेजारच्या हॉटेलचं गरम पाणी असेल."

"हॉटेल भिंतीपलीकडे नाही, रस्त्यापलीकडे आहे. बघून आलो."

"मग तुमचा भास."

"असेल. पण भाससुद्धा लिहायला लागतो."

"दादा, तेरा जुळल्या ना? ती एक खोडा."

"खोडता येत नाही."

"मग पोरींना दाखवू नका." ती आवाज न चढवता बोलत होती. "आबांनी सांगितलं तेवढंच सांगा. खाडीचं पाणी होतं, बुजवलं, संपलं. उद्या त्या गाडीत बसल्या तर सोमवारी मी शटर वर करून कोणाला बोलवू? बारा वर्षं उभी राहिलेय मी या एका शटरसाठी."

ती चुकीचं बोलत नव्हती. मी रात्रभर जागलो वगैरे नाही, नीट झोपलो. पण सकाळी दाढी करताना एक गोष्ट स्पष्ट होती. त्या खोलीत दिवसाचे आठ तास मी उभा राहणार नव्हतो, वनिताही नाही. ज्या राहणार होत्या त्यांना चौदातल्या तेरा सांगायच्या, हे माझ्याने होणार नव्हतं.

शनिवारी सकाळी रिसेप्शनवर दोन बॅगा तयार होत्या. धाकटी बहीण फोनवर काहीतरी बघत होती, रुआती वाकून बुटाची नाडी बांधत होती. वनिता काउंटरमागे उभी. मी वही उघडली आणि माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. उघाडी, तिथी, धूर, सिमेंट. ती मान हलवत होती. मग म्हटलं, "चौदा में से तेरा बराबर है. एक नहीं." वनिताने काउंटरवरचे टॉवेल पुन्हा घडी घालायला घेतले.

"एक क्या?" रुआतीने विचारलं.

"मैं लेटा था. मुँह पे हवा आया. गरम."

तिने नाडी सोडली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"वही तो हम बोला था."

"मतलब?"

"हम धुआँ नहीं बोला, सर. ठंडा हवा भी नहीं बोला. वो तो आपने निकाला. हम बोला, सांस लेता है. सांस तो गरम होता है."

"पहले क्यों नहीं बताया?"

"आप पूछा नहीं. आप अगरबत्ती जलाया."

वनिताच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मी वहीत बघितलं. पाच दिवस, चौदा नोंदी, आणि जिची तक्रार होती तिला मी एक प्रश्न धड विचारला नव्हता. जे मोजता येत होतं ते मी मोजलं होतं.

"आप सांस रोका था?" तिने विचारलं.

"हां."

"कितना आया?"

"आठ."

ती मागे वळून बहिणीला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. दोघी हसल्या, पण बारीक. "हम पाँच तक रुका," रुआती म्हणाली, "ये तो दो में भाग गया." मग बॅगेवर हात ठेवून ती वनिताकडे वळली. 

"मैडम," रुआती तिला म्हणाली, "आप मालूम था ये एक वाला?"

वनिताने माझ्याकडे बघितलं नाही. "कल से मालूम था," ती म्हणाली. "मैंने बोला था, मत बताओ."

"लेकिन सर बताया."

"हां."

रुआतीने बॅगेवरचा हात काढला. "तीन नंबर का दरवाज़ा बंद नहीं होगा," ती म्हणाली. "परदा चलेगा. दरवाज़ा नहीं. जो है, उसको मालूम होना चाहिए कि बाहर लोग है."

वनिता म्हणाली, "दादा, दार काढा."

दार अख्खं काढायचं तर बिजागऱ्या सोडवून ते उतरवावं लागलं असतं, त्याला सुतार हवा. तोवर ते उघडं राहावं म्हणून त्याच्या वरच्या बाजूचा, दार आपोआप लावणारा स्प्रिंगचा दांडा काढणं मला एकट्याला जमणारं होतं. मी स्टूल आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. तो दांडा आतल्या अंगाने असतो, म्हणजे स्टूल खोलीत ठेवावं लागतं, तोंड दाराकडे आणि पाठ खाटेकडे. सहा स्क्रू. रुआती बाहेर उभी राहून दार हाताने धरून होती, मी आत असताना ते लागू नये म्हणून. एरवी या कामाला मला दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी चार लागली.